मिक्सरच्या बोर्डापासून निघालेला तडा

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात आपल्या कामाविषयी लिहिणारी माणसं मी वाचली आहेत. कुणी पोस्टातून निवृत्त झालेलं असतं, कुणी सरकारी दवाखान्यात जन्म काढलेला असतो. त्यांनी लिहावं, आपण वाचावं, हे बरोबर वाटतं. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी नोकरी म्हणजे काचेच्या दुकानातलं अर्धवेळ काम, तेही आता सुटलेलं. आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं, "जे हाताने केलंस ते लिही." मी म्हटलं, सर, काच बसवण्यात लिहिण्यासारखं काय आहे. ते म्हणाले, "ते लिहून झाल्यावर कळेल." आता लिहून झालं आहे, पण कळलं असं खात्रीने सांगता येत नाही.

मी पेठ तालुक्यातला. आमच्या घरात शाळेच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. अकरावीला नाशिकला आलो, पंचवटीत चौघांत एक खोली घेतली, आणि सकाळचं कॉलेज झालं की द्वारका चौकाच्या पुढे एका काचेच्या दुकानात जाऊ लागलो. दुकानात माझं नाव कुणी घेत नसे. मालक, म्हणजे शेठ, मला "कॉलेज" म्हणायचे. "ए कॉलेज, ती पट्टी धर." "कॉलेज, चहा सांग." आधी मला ते कौतुक वाटलं होतं.

आमचं मुख्य काम स्वयंपाकघरातलं. गॅसच्या शेगडीमागे, ओट्याच्या वरच्या भिंतीला, रंगीत काच लावायची. पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला हे समजावून सांगायला बसलो होतो.

"भिंतीला काच? कशाला रं?"

"फोडणी उडते ना. तेलाचे डाग पडतात. काच असली की फडक्याने पुसता येते."

"मंग भिंतच पुसायची."

आमच्या घरी चुलीमागची भिंत मातीची आहे आणि ती धुराने काळी झालेली आहे. सणाच्या आधी आई तिच्यावर शेणामातीचा हात फिरवते. त्या भिंतीसमोर बसून मला माझ्या धंद्याची बाजू मांडता आली नाही.

तरी वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. या काचेला मागच्या बाजूने रंग दिलेला असतो. काच दोन प्रकारची असते. एक साधी. ती दुकानात कटरने कापता येते, दुपारी कापली की संध्याकाळी भिंतीवर. दुसरी टफन. ती आधी मापात कापून, भोकं पाडून, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात भट्टीत जाते. भट्टीतून आल्यावर तिला पुन्हा कुणी हात लावू शकत नाही. केसभर कापायला गेलात तरी सगळीचा चुरा होतो. म्हणून टफनचं माप चुकलं की ती काच गेलीच. गॅसमागे टफनच लावायची असते, कारण ती उष्णता सोसते.

दोघींचं फुटणंही वेगळं. टफन काच फुटते तेव्हा एकदम फुटते, खडीसाखरेसारखे दाणे ओट्यावर सांडतात. तिला तडा जात नाही. तडा जातो तो साध्या काचेला. म्हणजे "टफन काचेला तडा गेलाय" अशी तक्रार कुणी आणली, तर त्याच्याकडे टफन काच नसतेच.

आणखी एक. भिंतीवर मिक्सरसाठी किंवा चिमणीसाठी बटणांचं बोर्ड असतं. त्याच्यासाठी काचेत चौकोनी खिडकी काढावी लागते. तिचे कोपरे गोल ठेवायचे असतात. आधी चारही कोपऱ्यांवर भोकं पाडायची आणि मग मधलं कापायचं. मला हे रफीकभाईंनी शिकवलं. ते दुकानातले सगळ्यात जुने कारागीर. म्हणाले, "कापडाला कैचीने खाच मारतो ना दर्जी? मग हाताने ओढलं की टरकन फाटतं. काचेचं तेच. टोकदार कोपरा म्हणजे खाच. फाटायला रस्ता तूच करून देतो." भोकं पाडायला वेळ लागतो. घाई असली की दुकानं चौकोन सरळ कापतात आणि वर बोर्डाची फ्रेम बसवतात. फ्रेमखाली काय आहे ते कुणाला दिसत नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका काकांनी हौसेने टफन काचेवर सप्तशृंगी देवीचा फोटो छापून घेतला, अगदी गॅसच्या मागे. आम्ही बसवली, त्यांनी नमस्कार केला, पेढे दिले. आठवड्यात फोन आला, आम्ही पुन्हा गेलो. घरात काकूंनी मासे करायचं बंद केलं होतं. "देवीच्या तोंडासमोर मी बोंबील कसे तळू, तुम्हीच सांगा," असं त्या आम्हाला विचारत होत्या आणि काका खिडकीतून बाहेर बघत होते. रफीकभाई म्हणाले, "काका, तुम्ही शाकाहारी व्हा, काच काढायची मजुरी वाचेल." काका झाले नाहीत. काच काढावी लागली. पण काढलेल्या काचेचं करायचं काय? छोटी करावी तर कापता येत नाही, आणि देवीची काच फोडणार कोण? ती अजून दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावरचं फडकं दर शुक्रवारी रफीकभाई बदलतात. नमाजाला जाताना.

अशा गोष्टी सांगायला मजा येते. मला वाटलं होतं, अशाच चार सांगाव्यात आणि थांबावं. पण ज्या कामामुळे दुकान सुटलं ते टाळून बाकीचं लिहिणं खोटं वाटायला लागलं.

गेल्या वर्षी पितृपक्षाच्या आधी शेठनी मला इंदिरानगरकडच्या एका घरी माप घ्यायला पाठवलं. आमच्याच दुकानाने काही महिन्यांपूर्वी लावलेली काच, तिला तडा गेला होता. मी ती लावताना नव्हतो, परीक्षा होती. कागदावर टफन लिहिलेलं होतं.

घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते घरातल्या सुनेने, तिशीच्या आतबाहेरची बाई. मी त्यांना वहिनी म्हणालो. ओट्यावर दोन मोठी पातेली, एकात मटकीची उसळ, दुसऱ्यात भात. बाजूला डब्यांची रांग. वहिनी कॉलेजच्या आणि कंपनीतल्या मुलांना डबे द्यायच्या. माझ्यासारखीच बाहेरगावची मुलं. मी टेप काढायच्या आधी त्यांनी माझ्या हातात उसळीची वाटी आणि पोळी दिली. "आधी खा. उपाशी माणूस माप चुकवतो," म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "आला का काचवाला? बघ रे बाबा काय करून ठेवलंय. लग्नाच्या पंगतीची पातेली घरच्या गॅसवर चढवायची, मग काच तडकेल नाहीतर काय होईल. पितर जेवायला येणार आणि घरात तडकलेली काच."

वहिनींचे यजमान दाराच्या चौकटीला टेकून मोबाइल बघत होते. मान वर न करता मला म्हणाले, "काच बदलायची आणि डबे बंद. ठरलंय आमचं."

"तुमचं ठरलंय," वहिनी म्हणाल्या. ते बाहेरच्या खोलीत गेले. मग वहिनींनी गॅस बारीक केला आणि हळू आवाजात मला विचारलं, "भाऊ, खरं सांगा. कशाने गेला हा तडा? माझ्या पातेल्याने गेला असेल तर मी आजच बंद करते, कुणाला बोलणार नाही. पण तसं नसेल तर तुम्ही त्यांना सांगा. माझं सांगणं म्हणजे बायकोचं सांगणं. तुम्ही कामातले आहात, तुमचं ऐकतील."

मी वाटी खाली ठेवली आणि मोबाइलचा दिवा लावून काच बघितली.

तडा कुठून निघाला हे ओळखता येतं. जिथे सुरू होतो तिथे तो ठळक असतो, नख अडकतं. जिथे दमतो तिथे केसासारखा बारीक होऊन संपतो. मिक्सरच्या बोर्डाच्या खालच्या कोपऱ्याशी माझं नख अडकलं. तिथून तडा तिरपा खाली येत होता आणि डाव्या शेगडीच्या मागे, पातेल्याच्या काठाच्या थोडा वर, विरून गेला होता. म्हणजे तो गॅसपाशी सुरू झालाच नव्हता. तो गॅसपाशी येऊन संपला होता. मी बोर्डाची फ्रेम सोडवली. आतला कोपरा कागद दुमडावा तसा टोकदार कापलेला होता. आणि सगळ्यात आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं ते शेवटी आलं. तडा गेला होता, म्हणजे ही टफन नव्हतीच.

मी बाहेरच्या खोलीत गेलो. मी म्हणालो, "काकू, हा तडा वहिनींच्या पातेल्याने गेलेला नाही. बोर्डाचा कोपरा चुकीचा कापलाय, तिथून गेलाय. आणि ही टफन काच नाहीये. चूक दुकानाची आहे."

सासूबाईंनी चष्मा वर केला. "तू कोण? इंजिनिअर?"

"नाही. मी बी.ए. करतो."

"बी.ए.ला काच शिकवतात का आता?"

यजमान हसले. वाईट हसले असं नाही, विनोदच तसा होता. मी त्यांना ओट्यापाशी या म्हणालो, नख लावून बघा म्हणालो. ते आले नाहीत. त्यांनी शेठना फोन लावला. "अहो, तुमचा पोरगा म्हणतोय की चूक तुमची आहे." पलीकडे शेठ काय बोलले ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून ते म्हणाले, "शेठ स्वतः येतायत."

शेठ आले ते पांढरा शर्ट घालून, गाडीची किल्ली बोटात फिरवत. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडले. "काकू, काच आमची आहे, आम्ही बदलून देणार. त्यात बोलायचंच काही नाही."

मी म्हणालो, "शेठ, कोपरा..."

"कॉलेज, गाडीतून टेप घेऊन ये."

टेप माझ्या खिशात होता. मी तसं म्हणालो.

"तो नाही. मोठा."

मी किल्ली घेऊन खाली गेलो. गाडीत मोठा टेप नव्हता. मी सीटखाली बघितलं, डिकीत बघितलं, आणि रिकाम्या हातांनी वर आलो. तेवढ्या वेळात सगळं मिटलं होतं. शेठ सोफ्यावर बसून चहा पीत सांगत होते, "घरगुती गॅस आहे हो हा. त्याच्यावर हॉटेलचं काम केलं तर काच कशाला, ग्रॅनाइटसुद्धा तडकेल. मी या वेळी बदलून देतो. पण पुन्हा हेच चालणार असेल तर माझी जबाबदारी नाही." सासूबाई मान हलवत होत्या. यजमान म्हणाले, "बंदच आहेत डबे आता."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या शेठकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग आत जाऊन त्यांनी पातेल्यांवर झाकणं ठेवली. त्या दिवशीचे डबे त्यांनी भरले असतील, तयार स्वयंपाक टाकून देणाऱ्या त्या नव्हत्या. पण मी तिथे थांबलो नाही.

परत शेठच्या गाडीत बसलो. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या नाहीत. द्वारकेच्या सिग्नलला म्हणाले, "तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. खरं बोललास, म्हणून तर मला यावं लागलं."

मी म्हणालो, "त्यांचे डबे बंद झाले, शेठ."

"माझ्यामुळे? अरे, त्यांना बंदच करायचे होते. सून घरातून कमावते ते त्या म्हातारीला खुपत होतं, पोराला लाज वाटत होती. फक्त कारण सापडत नव्हतं. ते मी दिलं." सिग्नल सुटला. "बी.ए.ला हे शिकवत नाहीत."

हे वाक्य मी पुष्कळदा मनात फिरवून बघितलं आहे. त्यात खोटं काय आहे ते सापडत नाही, आणि म्हणूनच मला ते सहन होत नाही. कारण शेठ म्हणाले तसं असेल, तर मी कोपरा दाखवला काय आणि न दाखवला काय. आणि तसं नसेल, तर माझ्या बोलण्यात काहीतरी कमी पडलं. काय कमी पडलं? पांढरा शर्ट? पाया पडणं? वहिनी म्हणाल्या होत्या, तुम्ही कामातले आहात, तुमचं ऐकतील. त्यांना वाटलं होतं, आपल्यापेक्षा काचवाल्याच्या शब्दाला वजन असेल. मला वाटत होतं, त्या शहरातल्या, स्वतःच्या फ्लॅटमधल्या, त्यांना कोण नाही म्हणणार. आम्ही दोघंही एकमेकांबद्दल चुकलो होतो.

त्यानंतर शेठनी मला बाहेरच्या कामावर पाठवलं नाही. दुकानात काचांच्या कडा घासायला बसवलं. ती नवी काच रफीकभाईंनी लावली. परत आल्यावर मी विचारलं, "टफन होती ना?"

ते हात धुत होते. "प्लेन."

"कोपरे?"

"शेठ बोलला, पितृपक्षाच्या आधी पाहिजे, भट्टीला टाइम नाय, भोकं पाडायला पण नाय. लावली." पाणी बंद करून ते म्हणाले, "असा बघू नको कॉलेज. तुझ्याकडे अजून एक कॉलेज आहे. माझ्याकडे हेच दुकान आहे."

"वहिनी काही म्हणाल्या?"

"चहा दिला. गोड जास्त होता."

सहामाही परीक्षेसाठी मी सुट्टी मागितली तेव्हा शेठ म्हणाले, "घे की. नीट अभ्यास कर. परत यायची घाई करू नको." मला समजलं. मी परत गेलो नाही. आता संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. तिथे काही फुटत नाही.

गावी गेलो की आई एकच गोष्ट विचारायची. ती नाशिकला कधी आलेली नाही, वहिनींना तिने पाहिलेलं नाही, गॅसमागच्या काचेची गरज तिला अजून पटलेली नाही. तरी भाकरी थापता थापता विचारायची, "मंग त्या डबेवालीचं काय झालं रं?" मी म्हणायचो, ठाऊक नाही. "जाऊन इचारायचं." मी म्हणायचो, कोणत्या तोंडाने जाऊ. पुढच्या वेळी ती पुन्हा विचारायचीच. एकदा मी चिडून म्हणालो, तुला काय एवढं. ती म्हणाली, "तिनं तुला जेवू घातलं ना?"

एकदा मी त्या इमारतीपर्यंत गेलो होतो, खोटं कशाला बोलू. खालून स्वयंपाकघराची खिडकी दिसते, पश्चिमेची. उभा राहिलो आणि परत आलो. वर जाऊन सांगण्यासारखं माझ्याकडे नवीन काहीच नव्हतं. जे होतं ते सांगून झालं होतं.

यंदा जूनमध्ये, कॉलेज सुरू होता होता, रफीकभाईंचा फोन आला. मी झेरॉक्सच्या मशीनवर होतो. आधी त्यांनी माझ्या निकालाचं विचारलं, मग पावसाचं. मग म्हणाले, "इंदिरानगरची काच आठवते?"

"आठवते."

"परत गेली. तोच कोपरा, तोच तिरपा तडा. मी मोबाइलमध्ये जुना फोटो काढून बाजूला धरला. कार्बन कॉपी."

मी विचारलं, काय चढवलं होतं गॅसवर?

"काय नाय. मे महिनाभर घर बंद होतं. सगळे गावाला लग्नाला. परत येऊन कुलूप उघडलं तर तडा. सिलिंडर पण बंद होता. उन्हाने गेली, पश्चिमेची भिंत."

मशीनमधून कागद येत राहिले. मी त्यांना विचारलं, घरातले काय म्हणाले. रफीकभाई म्हणाले, "म्हातारीने एकदा काचेकडे बघितलं, एकदा गॅसकडे बघितलं आणि देवघरात गेली. पोरगा बोलला, मटेरियलच हलकं आहे तुमचं. मी बोललो, हो साहेब, हलकंच आहे. शेठ या वेळी घाबरला. टफन मागवली, कोपरे गोल करायला लावले. आता जन्मभर काही होत नाही तिला."

मला कसं वाटलं हे नीट लिहिता येत नाही. आनंद झाला असता तर लिहिला असता. मी इतकंच विचारलं, "वहिनींनी डबे पुन्हा सुरू केले?"

"मी पण तेच विचारलं. बोलली, पोरं दुसरीकडे लागली. पातेली मोडीत गेली."

"आणि?"

रफीकभाईंच्या मागे दुकानातली काच कापल्याचा आवाज येत होता.

"काच बसवून मी तिला बोललो, भाभी, आता एकदम मजबूत आहे, केवढं पण पातेलं ठेवा. तिने फडक्याने बोटाचे ठसे पुसले. बोलली, 'साधीच लावली असती तरी चाललं असतं, भाऊ. आता तिघांचाच स्वयंपाक असतो.'"